रिसबूडबाई एकदाच सांगतात

रिसबूडबाईंना एकच प्रश्न दोनदा विचारण्याचं धाडस मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी केलं. धाडस कसलं, अज्ञान. अकोल्याहून नुकताच आलो होतो आणि पुणेकर हाही शेवटी माणूसच, अशी माझी समजूत होती. पाण्याचा माठ कुठे आहे, असं मी विचारलं. पडद्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, "आतल्या खोलीत, खिडकीपाशी." मी आत जाऊन आलो, माठ काही दिसला नाही, म्हणून परत विचारलं. बाई टाइप करत राहिल्या. मी घसा खाकरला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझी तहानच गेली. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "बाई एकदाच सांगतात." माठ खिडकीपाशीच होता. त्याच्यावर कुणाचा तरी रेनकोट वाळत घातला होता.

आमच्या अकोल्याकडे पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून उठतो, तुमच्याबरोबर चार गल्ल्या चालतो, वाटेत चहा पाजतो आणि शेवटी भलत्याच घरी नेऊन सोडतो. बाईंच्या पद्धतीत चहा नव्हता, पण घर बरोबर असायचं. हे कळायला मला पुढे बराच काळ लागला.

ते दिवसच असे होते, की पुण्यात ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक मोडेम असेल तो कंपनी काढत होता. आमची कंपनी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, मधली भिंत पाडून एक केलेल्या दोन फ्लॅटमध्ये होती. मालक समीर. अमेरिकेत काही वर्षं काढून तो परतला होता आणि येताना तिथली सगळी मोकळीक घेऊन आला होता. म्हणजे त्याला 'सर' म्हणायचं नाही, चपला कुठेही काढायच्या आणि रविवारी कामाला यायचं. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं तो दर सोमवारी सांगायचा. मी ग्राहकांशी गोड बोलायच्या कामावर होतो. पुण्यात या कामासाठी बाहेरगावचा माणूस लागतो, हे समीरला बरोबर कळलं होतं.

मंगला रिसबूड त्या कुटुंबातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या. पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कामगारांच्या पगाराचे, सुट्ट्यांचे, बोनसचे सगळे प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेले. मग देशाची दारं उघडली, कारखान्यात परदेशी तयार पॅकेज आलं आणि बाईंचं सगळं काम एका दुपारी बंद झालं. पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढंच त्या त्याबद्दल बोलल्या. तेही एकदाच.

त्यांच्या मुलाखतीची हकिगत समीर स्वतःच हसत हसत सांगायचा. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, हा अमेरिकेहून आणलेला प्रश्न त्यानं बाईंना विचारला होता. बाई म्हणाल्या, "तुमची कंपनी पाच वर्षं टिकेल असं धरून विचारताय, की आपलं सहज?" समीरनं त्यांना तिथल्या तिथे कामावर घेतलं. बिचाऱ्याला तो विनोद वाटला होता.

बाई स्वतःचा कप, स्वतःची उशी आणि स्वतःची तांबडी पेन्सिल घेऊन यायच्या. कोड कागदावर छापून वाचायच्या, दहावीचे पेपर तपासावेत तसा. बावीस वर्षांच्या पोरालाही त्या 'अहो' म्हणायच्या. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अरे म्हटलं की लाड सुरू होतात." मशीन बंद पडलं तर त्यालाही "अहो, काय झालं? बोला!" असं म्हणायच्या. आख्ख्या ऑफिसात 'अरे' म्हणवून घ्यायचा मान फक्त एकाला होता, आणि तो म्हणजे चिरोटा.

चिरोटा हे बाईंनी लिहिलेल्या फाइल सिस्टिमचं नाव. हे नाव जगात कसं चालणार, असा समीरचा प्रश्न होता. "जगाला पिझ्झा म्हणता येतं ना? मग हेही येईल," असं उत्तर आलं. समीरनं ग्राहकांसाठी वेगळं, चकचकीत इंग्रजी नाव ठेवलं. ते आता त्यालाही आठवणार नाही.

आता चिरोटा म्हणजे काय, हे मी ग्राहकांना कसं समजावणार? मला स्वतःलाच समजत नव्हतं. तसं मी बाईंना सांगितलं. त्या उठल्या आणि मला सोसायटीच्या जिन्यापाशी घेऊन गेल्या. तिथे भिंतीवर सोसायटीचे नियम ऑइलपेंटनं रंगवलेले होते. पहिल्या सेक्रेटरींनी ते रंगवून घेतले होते आणि भिंतीला हात लावायचा नाही असा ठरावही करून ठेवला होता. मग पुढच्या सेक्रेटरींना नियम बदलायचा झाला की करणार काय? तो नियम जसाच्या तसा कागदावर उतरवायचा, कागदावर खाडाखोड करायची आणि कागद बरोबर जुन्या नियमावर चिकटवायचा. नियम रद्दच करायचा असेल तर त्यावर कोरा कागद चिकटवायचा. समोरून बघणाऱ्याला एकच नियमावली दिसते. खालची भिंत मात्र जशीच्या तशी.

"भिंत म्हणजे खालचा थर. सीडी धरा. तिच्यावर लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. "कागद म्हणजे वरचा थर. चिरोटा दोन्ही एकत्र करून दाखवतो. कागद काढले की भिंत पुन्हा पहिल्यासारखी. कॉलेजांना हेच हवंय. पोरांनी दिवसभर मशीनची वाट लावायची आणि सकाळी मशीन परत नवं."

"आणि थर किती?"

"कितीही. कागदावर कागद लावायला सोसायटीची ना आहे का?"

जन्मात पहिल्यांदा मला संगणकातलं काही पुरतं कळलं. पुढे ग्राहकांना मी हीच भिंत विकली, बाईंचं नाव न घेता.

आता वाघोलीच्या कॉलेजची गोष्ट. नगर रस्त्याला तेव्हा जिकडेतिकडे इंजिनिअरिंग कॉलेजं उगवत होती. त्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिरोटा बसवायचं ठरलं. संस्थापक दादासाहेब. आधी उसाचं बघायचे, आता शिक्षणाचं. कॉलेजची सगळी माहिती असलेली सीडी वर्षभरापूर्वीच तयार झाली होती. तो आमचा खालचा थर. त्या वर्षात दादासाहेबांनी जुन्या प्राचार्यांना काढून टाकून नवे आणले होते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी 'प्राचार्य' नावाचं जुनं फोल्डर इमानदारीत पुसलं आणि त्याच नावाचं नवं करून त्यात नव्या प्राचार्यांचे फोटो ठेवले.

नेमक्या याच जागी चिरोट्यात खोट होती. बाईंनी ती आधीच शोधून समीरला सांगितली होती. "पुसून त्याच नावाचं पुन्हा केलं, तर खालचं वर येतं. कोरा कागद निघतो आणि नव्या मथळ्याखाली जुने नियम दिसायला लागतात. दुरुस्ती चाललीय. तोवर देऊ नका."

"अहो, पण असं करतं कोण?" समीर म्हणाला. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यानं बाईंना पुन्हा एकदा विचारलं, "खरंच अडेल का हो?" दुसऱ्यांदा विचारल्यामुळे उत्तर आलं नाही. समीरनं ते 'नाही' असं धरलं.

उद्घाटनाला मंडप, सनई, गुलाबपाणी, सगळं होतं. दादासाहेबांनी माउसचं बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर प्राचार्यांचे फोटो एकामागून एक यायला लागले. नवे प्राचार्य खुर्चीत. टाळ्या. नवे प्राचार्य झाड लावताना. टाळ्या. मग जुने प्राचार्य, गळ्यात हार, दादासाहेबांच्याच हातून सत्कार घेताना. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कुणाला कळेना. पाठोपाठ जुने प्राचार्य पुन्हा, आता दादासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून.

"ह्यो हितं कसा?" दादासाहेब माइकवरच बोलले. "ह्याला काढलाय ना आपण? अजून हाय का काय ह्यो?"

मी गोड बोलायला पुढे सरसावलो, पण उशीर झाला होता. मागच्या रांगेतून रिसबूडबाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माणूस काढलात दादासाहेब, पण खालून काढला नाहीत. वर फक्त कागद लावलात. त्याच नावाची पाटी पुन्हा लावली की तो येणारच." मागे बसलेली पोरं हसली. दादासाहेब हसले नाहीत. कॉलेजचं काम गेलं ते गेलंच.

परतताना गाडीत समीर संतापून म्हणाला, "बाई, तुम्ही मला निक्षून सांगायला हवं होतं." खिडकीबाहेर बघत बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं." काही दिवसांतच त्यांनी ती खोट काढली. ती पुन्हा येऊ नये म्हणून एक चाचणीही लिहिली: फोल्डर पुसायचं, त्याच नावाचं नवं करायचं आणि आत कुणी जुनं बसलंय का ते बघायचं. चाचणीतल्या फोल्डरचं नाव त्यांनी 'प्राचार्य' असंच ठेवलं. मी मात्र एकदा त्यांना पडद्याशी बोलताना ऐकलं, "अरे, लाज आणलीस की रे मला." आवाजात राग नव्हता. पोराला शाळेतून आणताना आई बोलते, तसा तो आवाज होता.

कारखान्यातलं काम एका दुपारी फेकलं गेलं, ते बाई विसरल्या नव्हत्या. चिरोट्याचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. आणि तो टिकायचा एकच मार्ग होता. लिनक्स ही जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली प्रणाली. तिच्या गाभ्यात एकदा शिरलेलं काम कुठल्या कंपनीला फेकता येत नाही. समीर राहो वा जावो, चिरोटा राहणार. बाईंना आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्यांनी चिरोटा नीटनेटका करून लिनक्सवाल्यांच्या जगड्व्याळ मेलिंग लिस्टवर, जिथे आलेला कोड सगळ्यांदेखत तपासला जातो, पाठवून दिला.

तिथली पद्धत ऐकून होतो, पण उत्तरं आली तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. एकानं लिहिलं होतं, "मी हा कोड वाचला. माझी सकाळ वाया गेली." दुसऱ्यानं विचारलं होतं, "यातला कोणता भाग मुद्दाम लिहिलाय आणि कोणता चुकून?" आता बाई पेटणार, या भीतीनं मी त्यांच्याकडे पाहिलं. बाई चक्क हसत होत्या. इतक्या खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "माणसं वाचून बोलतायत हो, देशमुख," त्या म्हणाल्या. "सातासमुद्रापार आपली माणसं निघाली!" शनिवार पेठेत जन्मायची, पण चुकून भलत्याच देशात जन्मलेली ही मंडळी आणि बाई यांचं मस्त जमलं. ते टोचायचे, या टोचायच्या, आणि चिरोटा दर फेरीला सुधारत जायचा.

त्यांच्यातल्या एका मुख्य माणसाचा एकच मुद्दा होता. कितीही थर कशाला हवेत? खालचा एक, वरचा एक, दोन पुरेत. कोड निम्मा होईल. बाईंनी त्याला सविस्तर उत्तर दिलं: कॉलेजचा थर, त्यावर विभागाचा, त्यावर वर्गाचा, सगळ्यांत वर विद्यार्थ्याचा. उत्तर इतकं सुरेख होतं की मलाही समजलं. मग कित्येक महिने गेले, पुढची फेरी आली आणि त्याच माणसानं पुन्हा लिहिलं, "कितीही थर कशाला हवेत, ते मला अजून कळलेलं नाही. लेखकानं सांगावं."

बाईंनी ते वाचलं आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

"बाई, उत्तर?"

"दिलेलं आहे."

"अहो, तो विसरला असेल. शेकडो जणांचं वाचतो तो. एक ओळ टाका ना, मागच्या उत्तराकडे बोट दाखवणारी."

"त्याला वाचता येतं, देशमुख. माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी आहे त्याचं."

मी अकोल्याचा माणूस. स्वस्थ बसवेना. त्यांच्या नावानं एक गोड मेल लिहिली, छापली आणि त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी तांबडी पेन्सिल घेऊन ती तपासली, दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं, एका वाक्याखाली 'पाल्हाळ' असा शेरा मारला आणि कागद दुमडून कपाखाली ठेवला. मेल काही गेली नाही. चिडून मी म्हणालो, "एका ओळीपायी सगळं घालवाल तुम्ही!" त्यावरही उत्तर आलं नाही. बहुधा हेही मी आधी एकदा बोलून चुकलो होतो.

पुण्यात गप्प बसलं की समोरच्याला आपली चूक कळते. त्या मेलिंग लिस्टवर गप्प बसण्याचा अर्थ निराळा होता: लेखक काम सोडून गेला. कुणीतरी तसं लिहिलंसुद्धा. मग कुठल्याशा थंड देशातल्या एका तरुणानं फक्त दोन थरांची, आटोपशीर फाइल सिस्टिम पाठवली. लोक त्याला तेच प्रश्न चार-चारदा विचारायचे आणि तो चार-चारदा उत्तरं द्यायचा, हसतमुखानं. त्याची गाभ्यात गेली.

बातमी आली त्या दिवशी बाईंनी त्याचा कोड छापून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पेन्सिल उचलली नाही. "सुटसुटीत आहे," म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग बाईंचाच.

पुढे समीरनं कंपनी विकली. निरोपाला केक कापून कुटुंब विसर्जित झालं. लिनक्समध्येच असलं काही फुकट मिळत असताना चिरोटा कशाला, असं नव्या मालकांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. बाईंनी उशी, कप आणि पेन्सिल पिशवीत घातली. दुसऱ्यांदा.

त्यानंतर त्या दिसल्या त्या एकदम कितीतरी वर्षांनी, बुधवार पेठेत. मी तोवर हिंजवडीला एका बड्या कंपनीत बऱ्यापैकी जाडजूड झालो होतो. चार्जर घ्यायला म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरलो आणि ओळखीचा आवाज कानावर आला.

"ओरिजिनल आहे का?"

"मॅडम, ओरिजिनलसारखंच आहे," दुकानदार म्हणाला.

"मग पैसेही पैशांसारखेच देते."

केस पांढरे झाले होते, पण ऐट तीच. मला बघून म्हणाल्या, "देशमुख, पुणं मानवलेलं दिसतंय. विशेषतः पोटाला." कुठे असता हल्ली, असं मी विचारलं. "तिथेच, कोथरूडला. शाळेमागची गल्ली, दुसरा मजला," त्या म्हणाल्या. गर्दीत चालता चालता मी त्यांना सांगितलं, आता जिकडेतिकडे थरच थर आहेत. प्रत्येक प्रोग्रॅम थरांच्या पुडक्यात बांधून येतो आणि आमची आख्खी कंपनी त्यावर उभी आहे.

"आणि बाई, गंमत सांगतो. परवा आमच्याकडे एक चाचणी अडकली. लिनक्सबरोबर ज्या चाचण्या येतात, त्यांतलीच एक. आतल्या फोल्डरचं नाव बघितलं तर 'प्राचार्य'!"

"मग झाली का पास?"

"झाली. चूक आमचीच होती."

"असणारच."

"पण ती तिथे गेली कशी?"

बाई थांबल्या. "नोकरी सुटल्यावर वेळच वेळ होता. त्या दोन थरांवाल्या मुलाचं घरी चालवून बघितलं. सगळं चोख. पण पुसून पुन्हा केलं की प्राचार्य वर येत होते. मग कळवलं. चाचणीही पाठवून दिली."

"तुम्ही?"

"नाही, दादासाहेबांनी." चार पावलं चालून त्या पुढे म्हणाल्या, "त्यानं विचारलं, असं करतं कोण? मग वाघोलीची सगळी हकिगत लिहिली. हारासकट."

"मग?"

"मग महिन्याभरानं दुसऱ्या कुणीतरी तेच विचारलं. असं करतं कोण?"

बसथांबा आला होता. पुढचं मला ठाऊक होतं, तरी मी वाट बघत राहिलो. बाई पिशवीत सुटे पैसे शोधत होत्या.

"परत लिहिलं," त्या म्हणाल्या. "सगळं. पहिल्यापासून."

 मला राहवलं नाही. "बाई, चिरोट्याच्या वेळी एक ओळ लिहिली नाहीत हो तुम्ही."

"नाही लिहिली." त्यांनी पिशवीचं तोंड बंद केलं. "त्या ओळीनं काय झालं असतं, ते मला माहीत नाही, देशमुख. कदाचित काहीच नाही. पण माहीत नसणं फार वाईट असतं हो."

कोथरूडची बस आली. बाई चढल्या, खिडकीची जागा पटकावली, शेजारी बसू पाहणाऱ्या गृहस्थांना त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायला लावली. खालून मी ओरडलो, "पुन्हा कधी भेटायचं, बाई?"

"आत्ता भेटलो ना?"

मी हसलो आणि वळलो. बस हलली, तेवढ्यात मागून हाक आली, "अहो देशमुख!" बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या. "शाळेमागची गल्ली. दुसरा मजला!"

हे त्यांनी मघाशी एकदा सांगितलं होतं.